‘प्रोग्रॅम सापडला नाही’: एका सूचनेचे परीक्षण

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. त्या निमित्ताने परिसरातील काही शिक्षकांसाठी आम्ही एक ध्वनितबकडी नेली होती. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपलेल्या लहरीचे ध्वनीत केलेले रूपांतर तिच्यात होते. सुमारे ३५ हर्ट्झपासून २५० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा, पाव सेकंदाच्या आत संपणारा तो आवाज मुलांनी ऐकावा, म्हणून प्रत्येक शाळेसाठी एक प्रत काढायचे ठरले.

शाळेच्या संगणकावर लिनक्स आणि त्यावर तबकड्या लिहिणारे के-थ्री-बी होते. बटण दाबताच सूचना आली की सीडीआरडीएओ हा प्रोग्रॅम सापडत नाही. ‘लिनक्स बिघडले’ असा निकाल लागला आणि एक गुरुजी सगळे पुसून जुनी प्रणाली टाकायला निघाले. त्यात मुलांनी वर्षभर केलेले कामही गेले असते.

सूचना पूर्ण वाचली मात्र कोणीच नव्हती. आमच्या मते ती चांगली सूचना आहे. काय मिळत नाही, ते कशासाठी लागते आणि कोणते पॅकेज बसवावे, या तिन्ही गोष्टी ती सांगते. पाठ्यपुस्तकांतल्या कित्येक सूचना एवढेही करीत नाहीत.

ती गोंधळात टाकते, कारण वापरणाऱ्याला के-थ्री-बी हाच तबकडी लिहिणारा वाटतो. खरे तर तो मुकादम आहे. ध्वनी वाचण्याचे काम सीडीपॅरॅनोइया करतो. सबंध तबकडी लेसर मध्ये न थांबवता एका दमात लिहिण्याचे काम सीडीआरडीएओ करतो. नुसत्या माहितीच्या तबकडीची प्रत डीडी या साध्या आज्ञेनेही निघते, कारण तिच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट माहिती आणि शिवाय चुका दुरुस्त करणारे जादा बाइट असतात. ध्वनितबकडीत २३५२च्या २३५२ बाइट ध्वनीलाच दिलेले. म्हणून तिला वेगळे कामगार लागतात. येथे संगणक लावून देणाऱ्याने जागा वाचवण्यासाठी मुकादम तेवढा बसवला होता.

आमची तक्रार दुसरीच आहे, आणि ती नावांविषयी आहे. सीडीरेकॉर्ड हा असाच एक जुना कामगार. परवान्याच्या वादातून डेबियनच्या मंडळींनी २००६ मध्ये त्याची वेगळी शाखा काढली आणि तिला वोडिम असे नाव दिले. परिणामी एखाद्या पुस्तिकेत सीडीरेकॉर्ड बसवा असे वाचून शोधणाऱ्याचा गोंधळ उडू शकतो, कारण काम करणारा दुसऱ्या नावाने शेजारीच बसलेला असतो. नवशिक्याने हे कुठून ओळखावे?

शिवाय ‘नाही’ आणि ‘सापडला नाही’ यांतला फरक सूचना उलगडत नाही. प्रोग्रॅम संगणकावर असेल, पण मुकादम ज्या फोल्डरांत पाहतो त्यांबाहेर असेल, तरी सूचना तीच येते. म्हणून आम्ही आधी टर्मिनलमध्ये ‘व्हिच सीडीआरडीएओ’ ही आज्ञा दिली. उत्तर कोरे आले. एका बाईंच्या मोबाइलचे इंटरनेट जोडून ‘सुडो आप्ट इन्स्टॉल सीडीआरडीएओ’ असे लिहिले. सुडो म्हणजे प्रशासकाचा अधिकार. हा शब्द कशासाठी ते न सांगता तो मुलांकडून टाइप करून घेणाऱ्या पुस्तिका आम्हाला मुळीच पसंत नाहीत. त्याच शब्दाने सगळी डिस्क पुसताही येते.

के-थ्री-बी बंद करून पुन्हा उघडल्यावर त्याला सीडीआरडीएओ दिसला. पहिली प्रत निघाली तेव्हा एका मुलाने विचारले, ‘सर, एवढाच आवाज?’ मग तो आवाज आम्ही सर्वांनी अकरा वेळा ऐकला.