'तो' की 'ते' : स्नेपच्या निष्ठेचा प्रश्न आणि मराठी निवेदन

जे. के. रोलिंग यांच्या 'हॅरी पॉटर' या सात भागांच्या अद्‌भुतकथामालेत (१९९७–२००७) सेव्हेरस स्नेप या पात्राची निष्ठा कोणाकडे आहे, हा प्रश्न जवळजवळ अखेरपर्यंत अनिर्णित राहतो. हॉगवर्ट्‌स विद्यालयात जादूचे काढे शिकविणारा हा अध्यापक एके काळी व्हॉल्डेमॉर्टचा अनुयायी होता. पुढे तो मुख्याध्यापक डम्बलडोर यांचा हेर झाला. व्हॉल्डेमॉर्टची समजूत मात्र अशी की, तो आपल्याच वतीने डम्बलडोर यांच्यावर पाळत ठेवून आहे. या तीन वाक्यांतच डम्बलडोर यांना आदरार्थी बहुवचन आणि स्नेपला एकवचन मिळून गेले आहे. समीक्षेत पात्राला एकवचन देण्याची रूढी आहे हे खरे. तरी ती रूढी एकाला लागू झाली आणि दुसऱ्याला झाली नाही, यातच निवाडा होऊन बसला. मराठीतून ही कथा सांगू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हीच अडचण उभी राहते.

इंग्रजी सर्वनामाला ही अडचण नाही. तेथे सज्जन, दुर्जन, गुरू, मारेकरी या सर्वांना एकच तृतीयपुरुषी रूप पुरते. निवेदन बहुतांशी हॅरीच्या दृष्टीने चालते, आणि हॅरीला तर स्नेपचा तिटकारा आहे. परंतु तो तिटकारा निवेदकाच्या व्याकरणात उतरत नाही. सहाव्या भागाचे (२००५) दुसरे प्रकरण या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तेथे हॅरी उपस्थित नाही. बेलॅट्रिक्स एकामागून एक शंका काढते आणि स्नेप प्रत्येकीचे समाधान करतो. सांगितलेली बहुतेक कृत्ये खरी आहेत. हेतू तेवढा दोन्ही बाजूंनी लावता येतो. निवेदक स्नेपच्या मनात शिरतच नाही. याच भागाच्या शेवटी स्नेप डम्बलडोर यांचा वध करतो, तेव्हा वाचकाजवळ या प्रकरणाखेरीज फारसा आधार नसतो.

हे प्रसंग मराठीत कसे सांगावयाचे? 'तो' म्हटले की निवेदक हॅरीच्या द्वेषाचा वाटेकरी होतो. 'ते' म्हटले की, निदान वरवर पाहता, मान दिला जातो. वधापर्यंत 'ते' आणि वधानंतर 'तो' हा मार्ग सर्वांत मोहक आहे आणि सर्वांत सदोषही आहे. कारण त्यात निवेदक स्वतःच खोटी साक्ष देतो आणि सातव्या भागात (२००७) ती त्याला मागे घ्यावी लागते. मूळ कथेत चूक हॅरीची होती, निवेदकाची नव्हे.

येथे एखाद्या अनुवादाच्या गुणदोषांचा विचार करावयाचा नसून भाषेच्या स्वभावाचा करावयाचा आहे, आणि तो स्वभाव बोलीत पाहिला पाहिजे. पवनेकाठचे थेरगाव घ्यावे. कारखानदारीमुळे मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा निरनिराळ्या भागांतील कुटुंबे येथे शेजारी नांदतात. वडिलांविषयी एका घरात 'बाबा आले' म्हणतात, तर शेजारच्या घरात 'पप्पा आला' ऐकू येते. शिक्षकाविषयी मात्र सर्व मुले वर्गात 'सर आले' असेच म्हणतात. मग ते सर कितीही नावडते असोत. माघारी, मित्रांत, तेच सर 'तो' होतात. म्हणजे वर्गातले 'ते' हे आदरापेक्षा सवयीचे रूप आहे. त्यावरून बोलणाऱ्याच्या मनाचा थांग लागत नाही. निवेदकाने सर्वत्र हे सवयीचे 'ते' ठेवावे आणि हॅरीच्या संवादांत 'तो' येऊ द्यावा, हाच त्यातल्या त्यात निर्दोष मार्ग दिसतो. मूळ कथेतही डम्बलडोर हॅरीला वारंवार टोकतात की, नुसते स्नेप नव्हे, प्राध्यापक स्नेप म्हण. मराठीत ही दुरुस्ती क्रियापदापर्यंत पोचेल.

द्वितीयपुरुषात तर मराठी काही वेगळेच देऊन जाते. डम्बलडोर स्नेपला 'तू' म्हणतील आणि व्हॉल्डेमॉर्टही 'तू'च म्हणेल. एका 'तू'त जवळीक, दुसऱ्यात मालकी, रूप एकच. उलट स्नेप दोघांनाही 'आपण' म्हणेल. इंग्रजीत नसलेली ही संदिग्धता दुहेरी हेराच्या कथेला फार अनुकूल आहे. नामांच्या बाबतीत मूळ लेखिकेने हे साधलेच आहे. पाचव्या भागात (२००३) स्नेप व्हॉल्डेमॉर्टचा उल्लेख त्याच्या अनुयायांच्या खास उपाधीने करतो आणि हॅरीला ते तत्काळ खटकते. जुन्या टोळीची बोली जिभेवर राहिली, की जाणूनबुजून ठेवली?

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तील भागुरायण येथे आठवल्यावाचून राहत नाही. चाणक्याचा हा माणूस मलयकेतूचा विश्वासू होऊन राहतो. परंतु चाणक्याची योजना प्रेक्षकाला आरंभीच ठाऊक असल्याने त्याच्या निष्ठेविषयी प्रेक्षक संभ्रमात पडत नाही. संभ्रम पडतो तो भागुरायणालाच. आपल्यावर इतका स्नेह करणाऱ्या मलयकेतूला फसवावे लागते, याची खंत तो पाचव्या अंकात स्वतःशी व्यक्त करतो. स्नेपच्या बाबतीत नेमके उलट आहे. वाचक साशंक, स्नेप स्वतः निःशंक. मृत्युसमयी त्याने दिलेल्या आठवणींतून कळते की, लिलीवरील प्रेमापासून तो कधी ढळलाच नाही. व्यक्तिचित्र म्हणून भागुरायणाचा तो एक क्षण अधिक मानवी वाटतो. शिवाय लिलीवरील निष्ठा म्हणजे डम्बलडोर यांच्या कार्यावरील निष्ठा नव्हे. हा भेद लेखिकेने जरा घाईने मिटविला आहे.

एकोणीस वर्षांनंतरच्या उपसंहारात हॅरीच्या मुलाचे नाव अल्बस सेव्हेरस आहे, आणि या दुसऱ्या नावाच्या माणसाचे धैर्य हॅरी मुलाला सांगतो. मराठीत त्याच्या तोंडी येथे 'ते' येईल. आणि तो आता कोणाचा विद्यार्थी नसल्याने ते 'ते' सवयीचे असणार नाही.