अंबाड्यातलं शिवार

निसर्गातला देखावा केसांवर उभारण्याची हौस जुनी आहे. 1778 मध्ये ‘बेल पूल’ या फ्रेंच जहाजाने इंग्रजांशी झुंज दिली आणि त्या काळच्या छापील चित्रांत फ्रेंच स्त्रियांच्या उंच केशरचनेवर शिडांसकट जहाज डोलू लागलं. मराठी केशभूषेची रीत वेगळी. तिने अख्खा देखावा डोक्यावर न घेता त्यातली एकेक वस्तू निवडली. चंद्रकोर, नाग, केवडा सोन्यात घडवले. मोगरा, अबोली, शेवंती ताजी माळली. म्हणून अंबाडा ऋतूबरोबर बदलत राहिला: उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात केवडा, थंडीत शेवंती. तेर गावी सापडलेल्या सातवाहनकालीन स्त्रीमूर्ती पाहिल्या तर केसांच्या मांडणीकडे बारकाईने बघणारी नजर मराठवाड्यात किती जुनी आहे हे कळतं.

आज ही कला कौशल्यात मुळीच कमी नाही. गावोगावच्या पार्लरमधल्या मुली गुंतागुंतीच्या वेण्या, जाळ्या, सैल अंबाडे सफाईने घालतात. उणीव आहे ती निवडीत. पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्याची नवरी असो की पुण्याची, अंबाड्यात तीच जिप्सोफिलाची पांढरी नक्षी आणि तेच कापडी गुलाब दिसतात. चुडाव्याभोवती गोदावरी खोऱ्यातली काळी जमीन आहे, कापूस, ज्वारी आणि हळद आहे. फाल्गुनात पळस पेटतो. यातलं काहीच केसांपर्यंत पोचत नसेल, तर निसर्गाची म्हणून मिरवली जाणारी रचना प्रत्यक्षात एका फोटोची नक्कल ठरते. माझ्या मते केशरचनेतला निसर्ग कला होतो तो करणारीने आपलं शिवार पाहून त्यातलं काही वेचलं तरच.

यावर पहिला आक्षेप गंभीर आहे: जुन्या साजाचे गोडवे का गावेत? तो सवाष्णींपुरता होता, आणि अनेक उच्चवर्णीय घरांत विधवेचे केसच उतरवले जात. त्याविरुद्ध 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी सभा घेऊन केशवपन न करण्याचा ठराव केला. हा इतिहास झाकून परंपरेचं कौतुक करणं अप्रामाणिक ठरेल. पण त्यातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की फूल माळण्याचा हक्क कुंकवावर अवलंबून नसावा. भोवतालाकडे पाठ फिरवावी असा नव्हे. दुसरा आक्षेप व्यवहाराचा: वैशाखातल्या लग्नात ताजी फुलं दुपारपर्यंत कोमेजतात. खरं आहे. मात्र उमललेलं कापसाचं बोंड किंवा ज्वारीचं वाळलेलं कणीस कोमेजत नाही, आणि चुडाव्यात ते बाहेरून मागवावं लागत नाही. पार्लरच्या प्रशिक्षणात वेणीच्या पेडांबरोबर परिसरातली पिकं, फुलं आणि त्यांचे हंगामही शिकवले, तर हातातल्या कसबाला स्वतःची नजर मिळेल. या कलेला आज सगळ्यात जास्त गरज तिचीच आहे.