सफा, मरवा आणि धावा

मनामाच्या गुदैबिया भागात राहायला आल्यावर दर गुरुवारी संध्याकाळी उमऱ्याला निघालेल्या बसगाड्या दिसायच्या. किंग फहद कॉजवे १९८६ साली सुरू झाला, आणि तो पंचवीस किलोमीटरचा पूल ओलांडला की पुढे मक्केपर्यंत रस्ताच आहे. हजच्या दिवसांत यात्रेकरूंचा जथा नेणाऱ्या मंडळींना इथे ‘हमला’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकले. आपल्याकडे हा अरबी शब्द तलवार घेऊन आला, इथे तो लोकांना यात्रेला नेतो.

मी मुस्लिम नाही. म्हणजे मक्केच्या वेशीपाशीच माझा रस्ता संपतो. जिथे कधी जाता येणार नाही, तिथल्या विधीबद्दल लिहिण्याचा मला अधिकार काय, असं तुम्ही विचाराल. पुस्तकांबद्दल बोलण्याचा आहे, एवढंच म्हणते. आणि पुस्तकं दोन आहेत, दोन्ही इराणी. दोन्हींत मला सर्वांत जास्त ज्याने धरून ठेवलं तो विधी म्हणजे सई, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात खेपा.

गोष्ट तुम्हाला माहीत असेल. मराठी बायबलात ती हागार आहे, आपल्या कोकणातल्या मुस्लिम घरांत हाजरा. इब्राहिम तिला आणि तान्ह्या इस्माईलला ओसाड दरीत सोडून जातात. पाणी संपतं. ती सफावर चढून पाहते, कुणी नाही. मरवावर चढते, तिथेही कुणी नाही. अशा सात खेपा. पाणी शेवटी फुटतं ते मुलापाशी, जिथून ती निघाली होती तिथे. तोच जमजम. कुराणात सफा-मरवा आहेत, पण हाजराचं नाव नाही. ही कथा हदीसमधून येते.

पहिलं पुस्तक जलाल आल-ए-अहमद यांचं. धर्मगुरूच्या घरात जन्म, तरुणपणी कम्युनिस्ट तुदेह पक्षात, मग त्यातूनही बाहेर. १९६४ साली ते हजला गेले आणि दोन वर्षांनी त्यांची रोजनिशी छापली गेली. फारसी नावाचा अर्थ साधारण ‘मीकातवरचं कस्पट’ असा होतो. मीकात म्हणजे एहराम जिथे बांधतात ती सीमा. इंग्रजी भाषांतराच्या नावात कस्पट जाऊन ‘गर्दीत हरवलेला’ माणूस आला. वाईट वाटतं, कारण हरवलेला माणूस सापडू शकतो, कस्पटाचं तसं नाही.

आल-ए-अहमद खवचट आहेत. घाण, दलाल, सिमेंटची नवी बांधकामं, काही सोडत नाहीत. आणि तोच माणूस सईच्या वाटेवर कोसळतो. कारण ते नेमकं सांगतात. काबेभोवतीच्या तवाफमध्ये सगळे एकाच दिशेने जातात, तुम्हाला दिसते ती पुढच्याची पाठ. सईत मात्र लोक जातात आणि येतात. समोरून चेहरे येतात, डोळे येतात, आणि त्या डोळ्यांत स्वतःचं भान उरलेलं नसतं. त्यांना रडू फुटतं आणि ते तिथून पळ काढतात. यात्रावर्णनात स्वतःचं पळून जाणं लिहिणारे लेखक किती असतील? आपल्याकडच्या वारीवरच्या लेखनात तर पत्रकारही तिसऱ्या मुक्कामाला ‘माउली’मय होतात. म्हणून ही पानं मला खरी वाटतात.

पण त्यांत हाजरा नाही. म्हणजे विधी तिचा, वाट तिची, आणि प्रश्न मात्र ‘गर्दीत माझं काय होतं’ हा एका बुद्धिवंताचा.

दुसरं पुस्तक, अली शरिअती यांचं ‘हज’, ही कसर भरून काढू पाहतं. हाजरा काळी, गुलाम, बाई. आणि परंपरेनुसार तिची कबर काबेला लागूनच. देवाच्या घराशेजारी जागा मिळाली ती हिला, हे शरिअती पुन्हा पुन्हा बजावतात. पाणी धावपळीच्या टोकाला मिळालं नाही, हेही ते हेरतात. वाचताना अंगावर काटा येतो. मग लक्षात येतं की हा माणूस व्यासपीठावरून बोलतोय. हाजरा वर्गाचं, वंशाचं, प्रयत्नाचं प्रतीक होत जाते, आणि तहानेनं टाचा घासणारं पोर मागे पडतं. निशाणावर काढलेल्या बाईला घाम येत नाही.

माझा मुद्दा दोन्ही पुस्तकांबाहेरचा आहे. दरीचा खोलगट भाग आला की तिला मूल दिसेनासं व्हायचं, म्हणून तेवढ्यात ती धावली, असं सांगतात. आज तिथे सपाट संगमरवर आहे, वर छप्पर, थंड हवा, ढकलखुर्च्यांसाठी वेगळी वाट. खोलगट भाग कुठे होता ते हिरवे दिवे दाखवतात. आणि त्या हिरव्या दिव्यांमध्ये धावायचं असतं ते पुरुषांनी. बायकांनी चालायचं. एका आईची धाव, आणि ती धावण्याची मुभा तेवढी आयांना नाही! शास्त्रकार मर्यादेचं कारण देतात. मला ते पटत नाही. पण त्याला दुसरी बाजू आहे, हेही मान्य करायला हवं. बापांनी, मुलांनी, सेनापतींनी आणि राजांनी एका टाकून दिलेल्या बाईची तारांबळ स्वतःच्या पायांनी करून दाखवायची, असा विधी मला दुसरा माहीत नाही.

आपला वेळापूरचा धावा आठवा. तुकोबांना तिथून पंढरीचं शिखर दिसलं आणि ते धावत सुटले, म्हणून वारकरी त्या उतारावर धावतात, बायाही पदर खोचून धावतात. तुकोबा दिसलेल्याकडे धावले. हाजरा काहीच दिसेना म्हणून धावली. ‘धावा’ला मराठीत दुसराही अर्थ आहे, आर्त होऊन देवाला मारलेली हाक. अरबीत सई म्हणजे धाव आणि खटपट. आपल्या शब्दात धाव आहे आणि हाकही आहे. हाजराचं वर्णन शरिअतींच्या पानांपेक्षा या एका मराठी शब्दात मला जास्त नीट बसलेलं दिसतं.

आमच्या खालच्या मजल्यावर चिपळूणकडच्या भाभी राहतात. मागच्या हिवाळ्यात त्या बसने उमरा करून आल्या, जमजमची बाटली आणि खजूर घेऊन वर आल्या. मी माझी दोन्ही पुस्तकं मनात धरून विचारलं, सई करताना काय वाटलं?

‘गुडघे,’ त्या म्हणाल्या. मग हसून, ‘ताई, पाचवी की चौथी तेच आठवेना. ह्यांना विचारलं तर ह्यांचाही हिशेब चुकलेला.’

‘मग?’

‘मग कमी धरायची आणि चालायचं.’