आयकिया इफेक्ट : पेपर चांगला, पण प्रश्न अर्धाच

मागच्या महिन्यात मी एक बुकशेल्फ जोडलं. सपाट खोक्यातून आलेल्या पार्टिकल बोर्डाच्या फळ्या, स्क्रूची पुडी, एक ॲलन की आणि नुसत्या चित्रांचं पत्रक. तीन तास लागले. एक फळी उलटी बसली, ती परत खोलली. शेवटी शेल्फ उभं राहिलं तेव्हा त्याचे सात फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले.

रविवारी मामा आले. त्यांचं सगळं आयुष्य सुतारकामात गेलंय. त्यांनी शेल्फ एका बोटाने जरासं ढकलून पाहिलं आणि म्हणाले, "छान जोडलंयस गं. पण गुण्यात नाही बघ." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. खरं सांगते, मला राग आला. अगदी लहान मुलासारखा.

या रागामागे जे आहे त्याला संशोधनात एक नाव आहे : 'आयकिया इफेक्ट'. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोचॉन आणि डॅन एरियली यांचा हा पेपर 2012 मध्ये 'जर्नल ऑफ कन्झ्युमर सायकॉलॉजी'मध्ये आला. माझं पीएच.डी.चं काम घरी येऊन काम करणाऱ्या कारागिरांच्या मजुरीवर आहे, त्यामुळे हा पेपर मी बऱ्याचदा वाचलाय. तो काय सांगतो, काय नीट करतो आणि कुठे थांबतो, ते आज बघू.

पेपर काय म्हणतो?

म्हणणं सोपं आहे : जी वस्तू आपण स्वतः बनवतो तिची किंमत आपल्या डोळ्यांत वाढते. पहिल्या प्रयोगात काही जणांना आयकियाचा साधा साठवणीचा डबा जोडायला दिला, तर काहींना तोच डबा तयार दाखवला. मग विचारलं, "हा विकत घ्यायला किती द्याल?" जोडणाऱ्यांची सरासरी बोली 78 सेंट होती, नुसतं बघणाऱ्यांची 48.

आता तुम्ही म्हणाल, बोली काय, कोणीही काहीही बोलेल. म्हणून त्यांनी अशी पद्धत वापरली : तुम्ही आकडा सांगायचा, मग एक किंमत चिठ्ठीसारखी काढायची. तुमचा आकडा तिच्याएवढा किंवा जास्त असेल तर निघालेल्या किमतीला वस्तू तुमची, नाहीतर नाही. यात उगाच कमी किंवा जास्त सांगून फायदा होत नाही, म्हणून माणूस मनातला आकडा सांगतो.

दुसरा प्रयोग ओरिगामीचा. नवशिक्यांनी कागदाचे बगळे आणि बेडूक बनवले आणि स्वतःच्या त्या चुरगळलेल्या प्राण्यांसाठी सरासरी 23 सेंट लावले. इतरांनी त्याच प्राण्यांना 5 सेंट दिले. तज्ज्ञांनी बनवलेल्या सुबक ओरिगामीला इतरांनी 27 सेंट दिले. हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पुढच्या प्रयोगात लेगो होते. काहींनी ते जोडले, काहींना जोडलेले मिळाले, काहींनी जोडून परत मोडले. शेवटच्या प्रयोगात काहींना डबा पुरा करू दिला आणि काहींना शेवटच्या दोन पायऱ्यांआधी थांबवलं. मोडलेल्या किंवा अर्ध्या राहिलेल्या कामावर तेवढं प्रेम बसत नाही, असं दिसलं. म्हणजे नुसते कष्ट पुरत नाहीत, काम तडीस जावं लागतं.

काय चांगलं आहे?

सगळ्यात मोठी शंका ही की वस्तू हातात आली की ती 'आपली' वाटते आणि म्हणून महाग वाटते. हा परिणाम वेगळा आहे आणि आधीपासून माहीत आहे. लेगोच्या प्रयोगात तयार लेगो मिळालेला गट ठेवल्यामुळे ही शंका बरीचशी मिटते. नुसतं मिळालेलं आणि स्वतः जोडलेलं यात फरक उरतोच.

दुसरं म्हणजे, घरी खटपट करायची हौस असलेले आणि नसलेले, दोघांतही हा परिणाम दिसला. हे मला पटतं. मला हौस अजिबात नव्हती, शेल्फ स्वस्त होतं म्हणून घेतलं होतं.

काय खटकतं?

आधी किरकोळ गोष्टी. गट लहान आहेत, रक्कम सेंटांत आहे आणि मोजमाप काम संपल्यावर लगेच झालंय. घरातलं फर्निचर मात्र वर्षानुवर्षं वापरायचं असतं. पावसाळ्यात पार्टिकल बोर्ड ओल धरून फुगला, फळी पुस्तकांच्या वजनाने वाकली, की ते 78 सेंटांचं प्रेम किती उरतं? अर्ध्या डब्याच्या प्रयोगातही एक अडचण आहे : अर्धा डबा मुळातच कमी कामाचा, मग बोली उतरली ती प्रेम कमी म्हणून की डबा अर्धा म्हणून?

एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. एरियली सहलेखक असलेला 2012 चाच वेगळा एक पेपर, विमा कंपनीच्या आकडेवारीवरचा, ती आकडेवारी बनावट असल्याचं दिसल्यामुळे 2021 मध्ये मागे घेतला गेला. त्यावरून हा पेपर खोटा ठरत नाही. पण एका पेपरवर सगळा भार टाकू नये, एवढं नक्की.

आता मुख्य मुद्दा. ते तीन आकडे आठवा : 5, 23, 27. लेखक ते असे वाचतात : नवशिक्याला आपलं काम जवळजवळ तज्ज्ञाच्या तोडीचं वाटतं, म्हणजे तो स्वतःच्या कामाची किंमत फुगवतो. बरोबर. पण हेच आकडे मामांच्या बाजूने वाचून बघा. ज्याला घडी घालायला शिकायलाच वर्षं गेली, त्याचं कौशल्य माझ्या एका दुपारच्या हौसेपेक्षा फक्त 4 सेंटांनी वर! पेपरमध्ये तज्ज्ञ आहे तो फक्त मोजपट्टी म्हणून. त्याच्या कामाचं काय होतं, हा प्रश्न तिथे येतच नाही.

आणि खरी उणीव इथे आहे. बनवणाऱ्यांना स्वतःच्या वस्तूची किंमत विचारली, पण "आता तज्ज्ञाच्या कामाला किती द्याल?" हे विचारलंच नाही. मला तर तोच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण उत्तर दोन्हीकडे जाऊ शकतं. स्वतः हात लावल्यावर माणूस म्हणेल, "बाप रे, हे किती अवघड आहे." किंवा म्हणेल, "यात काय, मीही केलंच की."

पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवणारा एक माणूस होता : इटालियन डिझायनर एन्झो मारी. 1974 मध्ये त्याने साध्या फळ्या आणि खिळ्यांनी टेबल, खुर्ची, पलंग बनवायचे आराखडे काढले आणि टपालखर्च पाठवेल त्याला ते फुकट दिले. आयकियाच्या खोक्यात फळ्या कापून, भोकं पाडून येतात. मारीकडे कापायचं, ठोकायचं तुम्हीच. स्वस्त खुर्ची मिळावी हा त्याचा हेतू नव्हता. एकदा स्वतः ठोकली की पुढची कुठलीही खुर्ची माणूस जाणत्या डोळ्यांनी बघेल, असं त्याला वाटायचं.

दुसरं उत्तर मी स्वतः दिलंय. त्याच रविवारी आईने मामांना विचारलं, असंच शेल्फ प्लायमध्ये करायला किती दिवस लागतील? मामा म्हणाले, "चार दिवस धर." आणि माझ्या मनात लगेच आलं, चार दिवस? मी तर तीन तासांत केलं! मजुरीवर पीएच.डी. करणाऱ्या मुलीच्या मनात हे आलं. माप घेणं, प्लाय कापणं, कडा घासणं, सनमायका चिकटवणं, भिंत ओळंब्यात नसेल तर फळी तिच्याप्रमाणे छाटणं, यातलं एकही काम मी केलं नव्हतं. ती सगळी कुठल्यातरी कारखान्यात आधीच झाली होती. मी शेवटचे तीन तास केले आणि अख्खं शेल्फ माझं समजले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे : पेपर जे मोजतो ते नीट मोजतो, पण जोडणं आणि बनवणं यातला फरक तो पुसून टाकतो. पत्रक बघून केलेल्या कामातून अभिमान येतो. कौशल्याची जाण येतेच असं नाही. आणि कारागिराची मजुरी ठरते ती त्या जाणेवर.

तुम्हाला एक छोटा प्रयोग सुचवते. पुढच्या वेळी घरात काही स्वतः जोडणार असाल, तर आधी कागदावर लिहून ठेवा : हेच काम सुताराने केलं तर किती मजुरी योग्य वाटते? काम झाल्यावर परत लिहा. आकडा वाढला की कमी झाला, ते प्रामाणिकपणे बघा.

माझा कमी झाला होता. मामांना ते अजून सांगितलेलं नाही. पण आईचं शेल्फ तेच करणार आहेत, चार दिवस धरून, आणि मजुरीत घासाघीस करायची नाही असं मी आईला सांगून ठेवलंय. पहिले दोन दिवस मी त्यांच्या हाताखाली राहणार आहे. गुण्या धरायला.