आदम, अदम आणि ॲडम : कोश कुठे कमी पडतो?

आजचा विषय जरा आडवळणाचा आहे. रॉबर्ट ॲडम हा अठराव्या शतकातला स्कॉटिश वास्तुकार. त्याच्याशी निगडित इंग्रजी शब्द उर्दूत आणताना काय होतं, ते आपण पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञान कुठे आलं? तर शब्दाचा अर्थ नेमका कुठे राहतो, हा जुना प्रश्न इथे अगदी उघडा पडतो. म्हणून हे उदाहरण आम्ही घेतलं.

इंटरनेटवरच्या एखाद्या इंग्रजी-उर्दू कोशात 'ॲडम' शोधा. इंग्रजी व्याख्या साधारण अशा दिसतात : एक, बायबलमधला पहिला माणूस; दोन, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये अनेक सार्वजनिक इमारती उभारणारा स्कॉटिश वास्तुकार, १७२८ ते १७९२. या व्याख्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या 'वर्डनेट'मधल्या. आणि समोर उर्दू अर्थ? एकच : आदम. झालं! कर्कॉल्डी गावात जन्मलेला वास्तुकार आणि मानवजातीचा मूळपुरुष एका ओळीत बसले.

आता बघा, यात चूक काय झाली? जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात सांगितलं की विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवतं, तिचे गुण सांगत नाही. सॉल क्रिपकीने १९७० मध्ये, त्याच प्रिन्स्टनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत हा विचार नव्याने उभा केला. तो पटला, तर विशेषनामाला 'अर्थ' द्यायचा नसतो. बोट योग्य माणसाकडे वळेल एवढंच पाहायचं असतं. उर्दूत त्याची सोय आहे. पैगंबर तो 'आदम' आणि इंग्रजी नाव ते 'ऐडम', अशी दोन लेखनं प्रचारात आहेत. कोशाने ती वापरायला हवी होती.

रोमन लिपीतून उर्दू शोधणाऱ्यांपुढे आणखी एक खड्डा आहे. 'ऐन' या अक्षराने सुरू होणारा 'अदम' हा वेगळाच अरबी शब्द. त्याचा अर्थ अभाव, नसणं. अहिंसेला उर्दूत 'अदम तशद्दुद' म्हणतात, अविश्वासाला 'अदम एतमाद'. रोमनमध्ये 'आदम' आणि 'अदम' दोन्ही सर्रास एकसारखेच लिहिले जातात. म्हणजे एकाच अक्षररचनेत पहिला माणूसही आहे आणि शून्यही! आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना यात मौज वाटेल. शिकणाऱ्या मुलाची मात्र फसगत होते.

असो. नावापुरती ही गोष्ट दुरुस्त करता येईल. खरा पेच पुढे आहे. ॲडमच्या विचारातला कळीचा शब्द 'मूव्हमेंट'. रॉबर्ट आणि त्याचा भाऊ जेम्स यांनी १७७३ पासून आपल्या कामांचा ग्रंथ खंडाखंडाने काढला. त्याच्या प्रस्तावनेत या शब्दाचा खुलासा आहे. इमारतीचे भाग कुठे वर चढतात, कुठे खाली उतरतात, कुठे पुढे येतात, कुठे मागे सरतात. त्यातून निसर्गदृश्यातल्या टेकड्या-दऱ्यांसारखी जी विविधता येते, ती 'मूव्हमेंट'. डर्बीशरमधल्या केडलस्टन हॉलची दक्षिण बाजू पाहा. मधला भाग रोमच्या कॉन्स्टंटाईनच्या विजयकमानीच्या धर्तीवर पुढे आलेला, वर बसका घुमट, खाली वळत उतरणाऱ्या पायऱ्या. दगड जागचा हलत नाही, पण डोळा एका जागी ठरत नाही.

हा केडलस्टन आपल्याला अगदीच परका नाही. त्याच्या आराखड्यावरूनच वेलस्लीने कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाउस बांधवून घेतलं आणि ते १८०३ मध्ये पुरं झालं. त्याच वेलस्लीने १८०० मध्ये फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. तिथे गिलख्रिस्ट हा स्कॉटिश माणूस हिंदुस्तानी शिकवत होता, आणि त्याआधीच त्याने इंग्रजी-हिंदुस्तानी कोश केला होता. पुढे तिथेच विल्यम कॅरी मराठी शिकवू लागले. इमारत आणि कोश एकाच राजवटीत, एकाच शहरात आले. पण इमारतीचे शब्द कोशात आले का?

'मूव्हमेंट'ला कोश देतो 'हरकत' आणि 'तहरीक'. दोन्ही एकाच अरबी धातूचे. 'तहरीक' म्हणजे चळवळ. ती इथे बाद. 'हरकत' म्हणजे हालचाल; उर्दू बोलण्यात 'ये क्या हरकत है' म्हटलं की ती आगळीक होते. मराठीत तीच 'हरकत' आक्षेप झाली. इमारतीच्या दर्शनी बाजूला 'हरकत' आहे, असं वाक्य वाचून वाचक गोंधळणारच.

पण गाण्यात काय म्हणतो आपण? गायकाने छान हरकत घेतली. सूर रागाची चौकट सोडत नाही, पण तिच्या आत झटकन वळतो, पुढे जाऊन मागे येतो. ॲडमला हवी असलेली गोष्ट याच्या फार जवळची आहे. म्हणजे शब्द चुकीचा नव्हता. त्याचा कोणता वापर इथे लागू पडतो, ते कोशाने सांगितलं नाही. आणि उर्दूत त्याहून नेमकी जोडी आहे : 'नशेब-ओ-फ़राज़', सखल आणि उंच, उतार आणि चढ. ॲडमच्या टेकड्या-दऱ्या जणू त्यात तयारच आहेत! 'मूव्हमेंट' या शब्दावर बोट ठेवून शोधलं तर ही जोडी सापडत नाही. इमारतीसमोर उभं राहून शोधलं तर लगेच सापडते.

आमचा आक्षेप इथे आहे. हे कोश फुकट आहेत, झटपट आहेत, नस्तालीक न वाचणाऱ्यालाही दार उघडून देतात. त्याचं मोल आम्ही जाणतो. पण एका शब्दासमोर एक शब्द ठेवला की अर्थ दिला, ही त्यांची समजूत घातक आहे. वाचक पाहतो, अर्थ जुळत नाही. मग त्याला वाटतं, भाषाच अपुरी आहे. कोशाचं दारिद्र्य भाषेच्या माथी येतं. मग शिकणारा ती भाषा ज्ञानासाठी वापरायची सोडून देतो. हे नुकसान मोठं आहे, आणि मराठीचंही ते असंच होतं.

याहून चांगलं काम करता येतं, हे आपल्याच भागात सिद्ध झालं आहे. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या भाषांतर विभागात विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून उर्दू परिभाषा ठरवत. त्या विभागाशी संबंध असलेले मौलवी अब्दुल हक यांचा इंग्रजी-उर्दू कोश १९३७ मध्ये निघाला, तोही आपल्या औरंगाबादेतून. फॅलनने तर १८७९ च्या हिंदुस्तानी-इंग्रजी कोशात लोकांच्या बोलण्यातली उदाहरणं शब्दांपाशी दिली. उदाहरण म्हणजे शब्द वापरात दाखवणं.

तेव्हा कोश करणाऱ्यांकडे आमचं मागणं साधं आहे. विशेषनामाला अर्थ देऊ नका, ओळख द्या. आणि कलेतल्या शब्दाला निदान एक वाक्य द्या. वाचणाऱ्यांनीही कोशातला शब्द उचलण्याआधी एक प्रश्न विचारावा : ही वस्तू समोर असती, तर माझ्या भाषेत मी काय म्हटलं असतं?

आज इथेच थांबतो.