खाल्ल्या मिठाचा हिशोब

हृषिकेश मुखर्जींच्या ‘नमक हराम’मधला (१९७३) विकी मित्रासाठी जीव द्यायला तयार असतो. मित्राचं म्हणणं ऐकायला मात्र तयार नसतो. या सिनेमाकडे परत परत जावंसं वाटतं ते यामुळे. दोस्तीच्या गाण्यासाठी नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. विकी (अमिताभ बच्चन) कारखानदाराचा मुलगा, सोमू (राजेश खन्ना) गरीब घरातला. दोघं जिवलग. कारखान्यात विकी कामगार पुढाऱ्याचा अपमान करतो, संप होतो आणि विकीला माफी मागावी लागते. मित्राचा हा अपमान सोमूच्या जिव्हारी लागतो. तो कामगार बनून कारखान्यात शिरतो. विकी मुद्दाम त्याच्या मागण्या मान्य करतो, सोमू मोठा होतो आणि जुना पुढारी मागे पडतो. पण वस्तीत राहता राहता सोमूला कामगारांचं म्हणणं पटायला लागतं. मूळ कल्पना ‘बेकेट’वरून घेतलेली. तिथे राजा आपल्या मित्राला धर्मगुरू करतो आणि मित्र खरोखरच चर्चचा होऊन बसतो.

या कामाबद्दल सोमू विकीकडे काही मागत नाही. मागितलं असतं तर विकीला वाईटच वाटलं असतं. दोस्तीत कसले पैसे! पण पैसे नसतात असं कुठे आहे? फक्त मोजले जात नाहीत, आणि न मोजण्याची चैन एकालाच परवडते. दुसऱ्याच्या डोक्यातली वही उघडीच असते.

सिनेमाचं नाव म्हणूनच अचूक आहे. खाल्ल्या मिठाला जागायचं असतं ते नोकराने. बरोबरीच्या मित्राला कुणी नमकहराम म्हणत नाही. तो शब्द तोंडात येतो, तेव्हा इतके दिवस आपण त्याला काय समजत होतो ते बोलणाऱ्यालाच कळतं, किंवा कळायला हवं.

हे मला जरा जास्त लागतं, त्याला कारण आहे. कॉलेजात एक मित्र कायम माझं बिल भरायचा. मी जीपे उघडलं की “राहू दे रे.” एकदा त्याने मेसमध्ये वाढणाऱ्या पोऱ्याला सगळ्यांसमोर घाण शिव्या दिल्या. मी मोबाइलमध्ये बघत बसलो. त्याने मला गप्प बस म्हटलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. सोमू माझ्यासारखा गप्प बसत नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

बिंग फुटल्यावर सोमूला मार बसतो, आणि विकी एकटा वस्तीत घुसून मारणाऱ्याला ललकारतो. बच्चनचं हे काम आजही अंगावर येतं. पण नीट बघा. इतक्या माणसांसमोर उभा असूनही त्याला फक्त सोमू दिसतो. आजूबाजूची घरं, ज्यांच्यामुळे सोमू बदलला, ती त्याच्या नजरेतच येत नाहीत. त्याचं प्रेम खरं आहे यात शंका नाही. पण ते एकाच माणसापुरतं आहे, आणि तो माणूसही पूर्वी होता तसाच हवा आहे.

पुढे मात्र मुखर्जी कच खातात असं मला वाटतं. सगळं पाप विकीच्या बापावर टाकलं जातं. सोमूला मारवतो तोच, आणि विकी खुनाचा आळ स्वतःवर घेऊन तुरुंगात जातो. त्याग मोठा आहे, पण त्याने सिनेमा पुन्हा श्रीमंत मित्राचा होतो. सोमू मरतो आणि आपण रडतो विकीसाठी. दोघांमधलं खरं भांडण, म्हणजे वस्ती की दोस्ती, अर्धवटच राहतं. सोमू जगला असता, संप लांबला असता आणि महिनाभराने हे दोघं समोरासमोर बसले असते, तर काय बोलले असते? मला तो सीन बघायचा होता.