वास्तू आणि आख्यायिका : नगरवास्तूंवरील व्याख्यानांविषयी

पुण्याच्या जुन्या पेठांतून हौशी मार्गदर्शकांनी लोकांना हिंडवून वास्तू दाखवाव्यात व त्यासाठी त्यांना व्याख्यानांद्वारे शिक्षण मिळावे, हा उपक्रम स्वागतार्ह होय. तथापि या व्याख्यानांची जी घडण रूढ होऊ पाहत आहे, तिच्याविषयी मतभेद नोंदविणे अवश्य वाटते. वास्तूची ओळख म्हणून तेथे बहुधा तिच्या धन्याचे चरित्रच सांगितले जाते.

शनिवारवाड्याचेच उदाहरण घ्यावे. १० जानेवारी १७३० ची पायाभरणी, २२ जानेवारी १७३२ ची वास्तुशांत व २७ फेब्रुवारी १८२८ ची आग या तिथी शिकाऊ मार्गदर्शकाला मुखोद्गत असतात. तटाचे खालचे काम दगडी आणि वरचे विटांचे का, असे कोणी विचारताच तो सातारच्या आक्षेपाची आख्यायिका सांगतो. ती खरी की खोटी हा प्रश्न येथे गौण आहे. तिने जिज्ञासा तेथेच संपते, ही खरी अडचण. दगडी जोते व त्यावर विटा-लाकडाचे काम ही रीत पेठेतील साध्या गृहस्थाच्या वाड्यातही दिसते, आणि त्या गृहस्थाला कोणा छत्रपतींनी अडविले नव्हते.

व्याख्यानाचा आरंभ खणापासून व्हावा. दोन खांबांमधील अंतर म्हणजे खण. घराचा विस्तार खणांतच मोजीत. उथळ्यावर खांब, खांबांवर तुळई, तिच्यावर कडीपाट, हा क्रम एकदा समजला की चौक, ओसरी, माजघर यांची मांडणी आपोआप उलगडते. भार लाकडी सांगाड्यावर असतो, हे कळलेल्या श्रोत्याला १८२८ च्या आगीनंतर जोती व तट का उरले आणि मजले का गेले, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा दोष कप्पे पाडण्याचा. एक व्याख्यान पेशवाईवर, दुसरे इंग्रजी अमदानीवर. वास्तविक दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तिच्याच परंपरेतून डेक्कन कॉलेज उभे राहिले व १८६८ साली येरवड्याच्या गॉथिक धर्तीच्या इमारतीत गेले. सुरूच्या खांबांच्या वाड्यातून टोकदार कमानींच्या इमारतीत गेलेली ही एकच विद्यासंस्था दोन्ही व्याख्यानांच्या मधल्या फटीत हरवते.

सर्वांत खटकणारे मौन मात्र वाड्यांच्या ऱ्हासाविषयीचे आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला घर सोडवेना. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील कितीतरी घरे खचली. नारायण वा शनिवार पेठेत जुन्या दिंडीदरवाज्याशेजारी नवी सदनिकांची इमारत दिसते, तेव्हा श्रोत्याच्या मनात हाच प्रश्न असतो. त्यावर ‘लोकांना वारशाची किंमत नाही’ एवढेच उत्तर देणे म्हणजे त्याच घरांत राहणाऱ्यांवर, कित्येकदा त्यांच्याच ओसरीत उभे राहून, अन्याय करणे होय.

निदान एक पाठ सभागृहाबाहेर, उतरविल्या जात असलेल्या एखाद्या वाड्याच्या चौकात व्हावा. तो इतिहासाच्या अध्यापकापेक्षा लाकूडजोडणी जाणणाऱ्या सुताराने घेतलेला बरा. अध्यापकाने शेजारी उभे राहून टिपण करावे.